गिऱ्हाइकांची वही आणि यंत्राचें शिक्षण

जुन्या पेठेंतल्या दुकानदाराजवळ कीर्द-खतावणीखेरीज आणखी एक वही असे, आणि ती त्याच्या डोक्यांत असे. कोणत्या घरीं जुना तांदूळ लागतो, कोणाचा पगार सात तारखेला होतो, कोणाला उधारी मागितलेली खपत नाहीं आणि कोणाला ती मागितल्यावांचून आठवत नाहीं, हें सारें त्या वहींत अचूक टिपलेलें असे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच दुकानीं जाणारें घर मालाच्या गुणापेक्षांहि या वहीनें बांधलेलें असे. दुकानदार आजारी पडून मुलगा गादीवर बसला, म्हणजे पहिल्या आठवड्यांतच या अदृश्य वहीची किंमत कळून येई.

व्यापार वाढला, गिऱ्हाइकें हजारोंनीं मोजूं लागले, तेव्हां ही वही एका डोक्यांत मावेनाशी झाली. फोन उचलणारा एक, माल पोंचविणारा दुसरा, दुरुस्तीस येणारा तिसरा, आणि एकानें दिलेला शब्द दुसऱ्याच्या कानीं नाहीं, अशी स्थिति उत्पन्न झाली. गिऱ्हाइकास आपली कर्मकथा प्रत्येकापाशीं पहिल्यापासून सांगावी लागूं लागली. पेढीची ही विस्मृति घालविण्यासाठीं जें सॉफ्टवेअर निर्माण झालें, त्याला ग्राहकसंबंध-व्यवस्थापनाचें सॉफ्टवेअर म्हणतात. व्यवहारांत त्याचें नांव ‘सीआरएम’ असें आहे.

अमेरिकेंत 1993 सालीं टॉमस सीबेल यांनीं काढलेल्या सीबेल या कंपनीनें अशा सॉफ्टवेअरचा मोठा व्यापार उभा केला. तें पेढीनें विकत घ्यावयाचें आणि आपल्याच यंत्रांवर बसवावयाचें असे. 1999 सालीं मार्क बेनिऑफ व त्यांचे तीन सहकारी यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें सेल्सफोर्स ही कंपनी स्थापिली, आणि वेगळा मार्ग धरला. सॉफ्टवेअर विकत घेऊंच नये; तें कंपनीच्या यंत्रांवर राहील, गिऱ्हाइकानें इंटरनेटवरून वापरावें आणि भाडें द्यावें. सॉफ्टवेअरची वही अशा रीतीनें भाड्याची झाली.

ही वही तयार मिळते तेव्हां तिच्यांत कांहीं कप्पे आधींच आंखलेले असतात. ज्यानें नुसती चौकशी केली तो ‘लीड’. ज्या घराशीं किंवा पेढीशीं व्यवहार आहे तें ‘अकाउंट’. त्यांतील बोलणारी व्यक्ति ‘काँटॅक्ट’. होऊं घातलेली विक्री ‘ऑपॉर्च्युनिटी’. आणि आलेली तक्रार ती ‘केस’. हे कप्पे बहुतेक व्यापारांना लागू पडतात. परंतु तयार शिवलेला अंगरखा जसा कोणाच्याहि अंगावर चढतो आणि कोणालाच नीट बसत नाहीं, तशीच या वहीची गोष्ट आहे. ती आपल्या अंगाची करून घ्यावी लागते, आणि हें काम तीन पायऱ्यांनीं होतें.

समजा, पुण्यांतील एक पेढी घरोघर पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें बसविते. तिला यंत्राचा क्रमांक, तें बसविल्याची तारीख, त्या भागांतील पाण्याचा जडपणा, या गोष्टी टिपावयाच्या आहेत. तयार वहींत त्यांना जागा नाहीं. म्हणून पहिली पायरी नवे रकाने पाडण्याची. सेल्सफोर्समध्यें असा रकाना पाडला म्हणजे त्याच्या अंतर्गत नांवाच्या शेवटीं दोन अधोरेखा व ‘सी’ हें अक्षर आपोआप लागतें. घरचे रकाने आणि मूळचे रकाने यांची गल्लत होऊं नये, हा त्यांतला हेतु.

दुसरी पायरी नियमांची. यंत्र बसविल्याची तारीख विक्रीच्या तारखेच्या आधींची असूं नये. क्रमांकावांचून तक्रार नोंदली जाऊं नये. वार्षिक देखभालीचा करार संपण्यापूर्वीं महिनाभर कारकुनास आठवण व्हावी. असले नियम प्रोग्रॅम न लिहितां सांगतां येतात. कांहीं सूत्ररूपानें लिहितात, कांहीं ‘फ्लो’ नांवाच्या साधनानें आकृति जोडून मांडतात. पेढीच्या पुष्कळशा गरजा याच पायरीवर भागतात, आणि जेथें भागतात तेथेंच थांबावें हें शहाणपणाचें. कारण आकृति पेढींतला कोणीहि जाणता माणूस वाचूं शकतो. प्रोग्रॅम वाचण्यास प्रोग्रॅमरच लागतो.

परंतु कांहीं गोष्टी नियमांच्या चौकटींत सुखानें बसत नाहींत. या पेढीकडे एक अनुभव वारंवार येतो. एखाद्या घरचें यंत्र महिन्यांत तीनदां बिघडतें, तीन निरनिराळे कारागीर येऊन जातात, आणि चौथ्या दिवशीं विक्री-विभागाचा तरुण आनंदानें फोन करून विचारतो, ‘‘काकू, आमचें नवें मोठें यंत्र घेणार कां?’’ काकूंचें उत्तर काय असेल तें सांगावयास नको. त्या तरुणाचाहि दोष नाहीं; तक्रारीचा कप्पा त्यानें उघडलाच नव्हता. जुना दुकानदार ही चूक स्वप्नांतहि करता ना.

तेव्हां पेढी ठरविते कीं, एकाच यंत्राची तीस दिवसांत तिसरी तक्रार आली, तर ती ताबडतोब वडील कारागिराकडे जावी आणि तिचें निवारण होईपर्यंत त्या घरीं विक्रीचा फोन जाऊं नये. येथें तिसरी पायरी, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणें, येते. सेल्सफोर्समध्यें यासाठीं ‘एपेक्स’ नांवाची भाषा आहे. ती 2007 सालापासून सर्वांना वापरावयास मिळूं लागली. तिची ठेवण जावा या भाषेसारखी आहे. वहींत नोंद होतांना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला ‘ट्रिगर’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार. नोंद कोठारांत जाण्यापूर्वीं चालणारा ट्रिगर त्याच नोंदींत फेरफार करण्यास सोयीचा. तक्रार कोणाकडे द्यावयाची तें त्यानें ठरवावें. नोंद झाल्यानंतर चालणारा ट्रिगर दुसऱ्या कप्प्यांत हात घालण्यास सोयीचा. घराच्या पानावर ‘विक्रीचा फोन नको’ अशी खूण त्यानें करावी.

इतकें लिहून झालें, एक तक्रार घालून पाहिली, आणि सर्व ठीक चाललें. नवशिका प्रोग्रॅमर येथें निश्चिंत होतो, आणि सोमवारीं सकाळीं फसतो. कसें, तें समजण्यास चाळीकडे पहावें.

सेल्सफोर्सचीं यंत्रें एका पेढीचीं नसतात; एकाच यंत्रावर पुष्कळ पेढ्यांच्या वह्या शेजारीं शेजारीं नांदतात. ही एक मोठी चाळच म्हणावयाची. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळें, परंतु पाण्याची टाकी एक. एका बिऱ्हाडानें नळ सोडून ठेवला कीं वरच्या मजल्यावर ठणठणाट. म्हणून मालकानें प्रत्येकाच्या पाण्याचें माप ठरवून दिलें आहे. एका व्यवहारांत, तात्काळ चालणाऱ्या प्रोग्रॅमला, कोठाराकडे माहिती विचारण्यास जास्तींत जास्त 100 खेपा. कोठारांत नोंद करण्यास 150 खेपा. आणि यंत्राच्या विचाराचा वेळ 10 सेकंद. माप ओलांडलें कीं व्यवहार तेथल्या तेथें थांबतो, आणि त्या व्यवहारांत झालेलें सर्व पुसलें जातें. रदबदलीस जागा नाहीं.

आतां, ट्रिगरपुढें नोंदी एकेक येतात असें नाहीं. त्या 200 पर्यंतच्या गठ्ठ्यानें येऊं शकतात. रविवारीं सांठलेल्या तक्रारींची यादी सोमवारीं सकाळीं एकदम चढविली. नवशिक्यानें प्रत्येक तक्रारीसाठीं कोठाराकडे वेगळी खेप घालण्यास सांगितलें आहे. शंभर तक्रारी बिनबोभाट पार पडल्या, एकशेएकावीला माप संपलें, आणि गठ्ठ्यांतली एकहि तक्रार नोंदली गेली नाहीं. कारागीर हात बांधून बसले आहेत आणि दोनशे घरांत नळाचें पाणी उकळून पितात. ज्या नियमानें गिऱ्हाइकाची आठवण ठेवावयाची, त्यानेंच गिऱ्हाईक विसरलें.

यावरील उपाय प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मीठ संपलें म्हणून एकदां, हळद संपली म्हणून दुसऱ्यांदां, असें कोणी दोनशेदां मंडईंत जात नाहीं. यादी करून एकदां जातात. जाणत्या प्रोग्रॅमरनें तेंच करावें. गठ्ठ्यांतील सर्व यंत्रांचे क्रमांक आधीं गोळा करावे, तीस दिवसांतल्या तक्रारी एकाच खेपेंत विचारून घ्याव्या, क्रमांकावारी त्यांची मांडणी करावी, निर्णय हातांतल्या कागदावरच घ्यावे, आणि बदललेलीं सर्व पानें एकदमच परत ठेवावीं. यांतहि एक खोंच आहे. त्याच यादींत एकाच यंत्राच्या दोन तक्रारी असल्या, तर त्या अजून कोठारांत पोंचलेल्या नसतात. कोठार ‘एक’ म्हणून सांगेल. उरलेल्या दोन हातांतल्या यादींतून मोजून ‘तीन’ करण्याचें काम प्रोग्रॅमचें आहे.

अशा चुका गिऱ्हाइकाच्या दारीं जाण्यापूर्वीं सांपडाव्या म्हणून कंपनीनें कांहीं बंधनें घातलीं आहेत. एपेक्सचा प्रोग्रॅम चालत्या वहींत थेट लिहितां येत नाहीं. ‘सँडबॉक्स’ नांवाच्या वेगळ्या प्रतींत लिहून तेथें पारखावा लागतो. शिवाय प्रोग्रॅमची परीक्षा घेणारा दुसरा प्रोग्रॅम लिहावा लागतो, आणि त्या परीक्षेंत मूळ प्रोग्रॅमच्या निदान 75 टक्के ओळी चालून गेल्या पाहिजेत. त्याखेरीज तो चालत्या वहींत घेतला जात नाहीं.

परंतु या आंकड्यावर फार विसंबूं नये. ओळ चालली एवढेंच तो सांगतो. ओळ बरोबर चालली कीं नाहीं, हें परीक्षकानें विचारल्यासच कळतें. कांहीं न विचारणारी परीक्षाहि 75 टक्क्यांनीं उत्तीर्ण होते. खरी परीक्षा निराळी. एका घरीं दोन यंत्रें आहेत, दोन्ही वारंवार बिघडलीं, आणि त्यांपैकीं एक दुरुस्त झालें. आतां ‘विक्रीचा फोन नको’ ही खूण पुसावी काय? नियम ‘तक्रार मिटली कीं खूण पुसा’ एवढाच लिहिला असेल तर ती पुसली जाईल, आणि काकूंना पुन्हां फोन जाईल. दोनशे तक्रारींचा गठ्ठा, एका यादींतल्या जोड-तक्रारी, दोन यंत्रांचें घर, असे प्रसंग जो आधीं मनांत आणून परीक्षेंत घालतो, त्याचाच प्रोग्रॅम भरंवशाचा. म्हणूनच या कामीं भाषेच्या ज्ञानाइतकेंच व्यापाराचें ज्ञान लागतें. फोनवर बसणाऱ्या बाईंना आणि पिशवी घेऊन हिंडणाऱ्या कारागिराला न विचारतां लिहिलेला नियम सहसा अपुरा निघतो.

अधिकाराचा प्रश्नहि याच ठिकाणीं येतो. कोणत्या नोकराला कोणतें पान दिसावें, याचे नियम वहींत असतात. परंतु प्रोग्रॅमला त्या नियमांपलीकडचीं पानें वाचावयास लावतां येतात. प्रोग्रॅमरनें तेथें दक्षता न घेतल्यास जें कारकुनास दिसूं नये तें प्रोग्रॅमच्या मार्गानें दिसूं लागतें. वहींत घरांचे पत्ते, फोन, येण्याजाण्याच्या वेळा असतात. जुना दुकानदार गिऱ्हाइकाचीं गुपितें पोटांत ठेवी; यंत्राला पोट नाहीं, तें मुद्दाम निर्माण करावें लागतें. भारतांत 2023 सालीं डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्याच्या मुळाशीं हीच काळजी आहे. नवा रकाना पाडण्यापूर्वीं ‘ही माहिती आपल्याला खरोखर हवी कां?’ हा प्रश्न म्हणूनच पहिला.

भाड्याच्या वहीला दुसरा पर्यायहि आहे. ज्यांची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते अशीं सॉफ्टवेअरें आपल्या यंत्रावर बसवितां येतात आणि आंतूनबाहेरून बदलतां येतात. मुंबईंतील फ्रॅपे या कंपनीनें निर्माण केलेलें ‘ईआरपीनेक्स्ट’ हें त्यांपैकींच. पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांवर तें उभें आहे, आणि गिऱ्हाइकांच्या नोंदीहि त्यांत ठेवतां येतात. तेथेंहि नवे रकाने पाडतां येतात, नोंद होण्याच्या वेळीं आपला प्रोग्रॅम चालवितां येतो. हें चाळींतली खोली सोडून स्वतःचें घर बांधण्यासारखें आहे. पाण्याचें माप कोणी ठरवीत नाहीं. परंतु टाकी धुण्याचें, कुलूप पाहण्याचें आणि रात्रीं-अपरात्रीं गळती थांबविण्याचें कामहि आपलेंच. खुलेपणाचा आणखी एक मोह असा कीं, मूळ आज्ञावलींतच हात घालावा. तसें केलें कीं पुढची सुधारलेली आवृत्ति आली म्हणजे आपले फेरफार तींत बसेनात. म्हणून मूळ भिंती न फोडतां, खुंट्या ठेवल्या असतील तेथेंच आपलें सामान टांगावें, हा जाणत्यांचा शिरस्ता आहे.

दोन्ही मार्गांवर एक धोका सारखाच आहे. पांच वर्षांत शंभर नियम सांठतात, लिहिणारा नोकरी सोडून जातो, आणि कोणता नियम कशासाठीं घातला तें कोणासच सांगतां येत नाहीं. विस्मृति घालविण्यास आणलेलें यंत्र मग स्वतःच पेढीच्या विस्मृतीचें कोठार बनतें. त्यास उतारा साधा आहे. प्रत्येक नियमाशेजारीं त्याचें कारण एका वाक्यांत लिहून ठेवावें, आणि कारण संपलें कीं नियमहि काढून टाकावा.

शेवटीं यंत्र शिकविल्याइतकेंच शिकतें. ‘तिसऱ्या तक्रारीनंतर विक्रीचा फोन नको’ हें त्याला कोणी तरी सांगावें लागतें. आणि तें सांगण्याचें ज्याला सुचतें, त्याला काकूंच्या स्वयंपाकघरांतलें बंद पडलेलें यंत्र आधीं डोळ्यांपुढें दिसलेलें असतें.