श्रोत्यांच्या हातीं दिलेलें गाणें

ध्वनिमुद्रणाची कला निघाल्यापासून गाणें घरोघरीं पोहोंचलें खरें. परंतु त्याबरोबरच गाणारा आणि ऐकणारा ह्यांच्यांत एक अंतर पडलें. एकानें गावें आणि लाखांनीं मुकाट्यानें ऐकावें, अशी रीत झाली. हें अंतर भरून काढतां येईल काय? इंग्लंडांतील ‘क्वीन’ नांवाच्या रॉक संगीताच्या वृंदाची हकीकत ह्या प्रश्नावर बराच प्रकाश पाडते. म्हणून ती आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

हा वृंद १९७० सालीं लंडनमध्यें स्थापन झाला. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर हे आरंभापासूनचे. जॉन डीकन १९७१ मध्यें येऊन मिळाला. मर्क्युरीचें मूळ नांव फरोख बलसारा. झांजीबार येथील एका पारशी कुटुंबांत १९४६ सालीं त्याचा जन्म झाला. त्याचें बरेंचसें शिक्षण आपल्या पांचगणीस झालें, व तेथेंच शाळासोबत्यांच्या वृंदांत तो पियानो वाजवूं लागला. १९६४ सालीं हें कुटुंब इंग्लंडास गेलें.

१९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ह्या गाण्यानें क्वीनचें नांव सर्वतोमुखीं झालें. हें गाणें सुमारें सहा मिनिटांचें असून त्यास ध्रुपद नाहीं. त्याचा मधला भाग ऑपेराच्या धर्तीवर रचलेला आहे. तिघांनीं आपलेच आवाज एकावर एक पुनःपुन्हां मुद्रित करून मोठ्या गायकसमुदायाचा भास निर्माण केला. ब्रिटनमध्यें तें नऊ आठवडे विक्रीच्या यादींत अग्रभागीं राहिलें. परंतु गंमत अशी कीं, प्रत्यक्ष जलशांत हा भाग चौघांना गातां येईना! तेवढा वेळ ध्वनिफीत वाजे आणि रंगमंच रिकामा राही. यंत्राची कमाल आणि त्याची मर्यादा एकाच गाण्यांत दिसून आली.

पुढें १९७७ सालीं स्टॅफर्ड येथील जलसा संपल्यावर श्रोत्यांनीं आपण होऊन एक परिचित गीत गावयास आरंभ केला. मे ह्याच्या मनांत विचार आला, कीं दाटीनें उभ्या राहिलेल्या माणसांना काय करतां येईल? पाय आपटतां येतील, टाळी वाजवितां येईल आणि गातां येईल. ह्यांतूनच ‘वुई विल रॉक यू’ हें गाणें जन्मास आलें. दोनदां पाय, एकदां टाळी आणि मग क्षणभर विराम, एवढाच त्याचा ताल. त्यांत ड्रम मुळींच नाहीं. पूर्वीं चर्च असलेल्या एका मुद्रणगृहांत फळ्यांवर पाय आपटून हा ताल मुद्रित केला. पुढें त्याच नादाचे थर अल्पशा निरनिराळ्या अंतरानें एकत्र केले, तेव्हां मोठा जमाव ताल धरीत असल्याचा भास झाला. मे हा भौतिकशास्त्राचा अभ्यासक. अर्धवट सोडलेला आपला प्रबंध त्यानें २००७ सालीं पूर्ण करून डॉक्टरेट मिळविली.

ह्या विचाराचें फळ १३ जुलै १९८५ रोजीं दिसलें. इथिओपियांतील दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ वेंब्लीच्या क्रीडांगणावर ‘लाइव्ह एड’ हा जलसा झाला. सुमारें ७२ हजार लोक जमले होते. क्वीनच्या वांट्यास जेमतेम वीस मिनिटें आलीं. टेलरनें रचलेलें व १९८४ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘रेडिओ गा गा’ हें गाणें सुरू होतांच साऱ्या क्रीडांगणाचे हात एकदम वर जाऊन टाळ्या पडूं लागल्या. हें गाणें रेडिओवरच आहे: चित्रांच्या झगमगाटांत त्याची किंमत लोक विसरतील काय, अशी त्यांत हुरहूर आहे. नंतर मर्क्युरीनें वाद्यांच्या साथीवांचून एकेक तान घ्यावी आणि लोकांनीं ती जशीच्या तशी परत करावी, असें चाललें.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजीं एड्सच्या विकारानें मर्क्युरीचें निधन झालें. तो अवघा ४५ वर्षांचा होता. परंतु तो दोन पायांचा आणि एका टाळीचा ताल आजही देशोदेशींच्या क्रीडांगणांवर ऐकूं येतो. तो धरणाऱ्यांपैकीं अनेकांना कर्त्याचें नांवही ठाऊक नसतें, कारण तें गाणें आतां त्यांचेंच झालें आहे. यंत्रानें श्रोत्याला मुकें केलें असें आपण म्हणतों; परंतु गाणें रचतांना श्रोत्यासाठीं त्यांत जागा ठेविली, तर तोही गाऊं लागतो.