डिस्क नंबर दोन कुठंय?

पुण्याहून शिर्डीची एसटी पकडणाऱ्या पब्लिकला कोल्हार माहीत असतं ते प्रवरेच्या पुलामुळे. राहुरी मागे पडली, पूल आला की कोल्हार. अलीकडे खुर्द, पलीकडे बुद्रुक, भगवतीमातेचं देऊळ आणि लोणी-संगमनेरकडे फुटणारा घोटीचा रस्ता. खिडकीतून दिसतं ते एवढंच. ‘क्लासिक सिनेमांचं होम व्हिडिओ कलेक्शन’ हे भारदस्त शब्द या गावाशी जोडून बघा, हसूच येईल. ते शब्द कसे मुंबईत काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसला शोभायचे. एसीत उभं राहायचं, कुरोसावाची डीव्हीडी उलटसुलट करायची, किंमत बघायची आणि गुपचूप परत ठेवायची. (ते दुकानही २०१६च्या २९ फेब्रुवारीला बंद झालं. निदान तारीख तरी लक्षात राहील अशी निवडली!)

पण मराठी सिनेमाचा मामला उलटा आहे. तो डिस्कवर जगला, तो मुख्यतः कोल्हारसारख्या हायवेवरच्या, बाजाराच्या, जत्रेच्या गावांत. आणि आता तो हरवत असेल, तर तोही त्याच गावांतल्या माळ्यांवर, जुन्या मिक्सरच्या खोक्यामागे. दिवाळीला घरी जाणार असाल, तर हे जाण्याआधीच वाचा.

एक रात्र, तीन पिक्चर

२००० नंतरची सात-आठ वर्षं आठवा. चिनी बनावटीचे स्वस्त प्लेअर गावोगाव पोचले होते. बारसं असो, सत्यनारायण असो, नाहीतर गणपतीतली जागरणाची रात्र, टीव्ही, प्लेअर आणि तीन पिक्चर भाड्याने यायचे. एक देवाचा, एक मारधाडीचा आणि एक दादा कोंडक्यांचा किंवा लक्ष्याचा. लोडशेडिंग असलं तर जनरेटरवाल्याला आधीच सांगून ठेवायचं. अंगणात सतरंजी, मागे बाया, पुढे पोरं. पहिली डिस्क संपली की इंटरव्हल, चहा, आणि मग त्या काळातला सर्वांत लोकप्रिय डायलॉग: ‘‘डिस्क नंबर दोन कुठंय?’’

हा डायलॉग कुणाच्या वेंधळेपणामुळे नव्हे, टेक्नॉलॉजीमुळे जन्मला. व्हीसीडीचं स्टँडर्ड ठरलं १९९३ मध्ये. गाण्यांची असते तीच साधी सीडी, त्यावर दाबून बसवलेला व्हिडिओ, आणि मर्यादा साधारण ७४ मिनिटांची. आपला अडीच तासांचा पिक्चर त्यात मावणार कसा? त्यामुळे दोन डिस्क, फारच लांबला तर तीन. चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं. आज मोबाइलवर काढलेल्या फोटोचा एक कोपराही याहून मोठा असतो. अमेरिका आणि युरोपनं व्हीसीडीला फारसा भाव दिलाच नाही. ते व्हिडिओ कॅसेटवरून थेट डीव्हीडीवर गेले. चीन, आग्नेय आशिया आणि आपण मात्र मधल्या पायरीवर मस्त मांडी घालून बसलो. कारण साधं होतं. व्हीसीडी दमट हवेत कॅसेटसारखी बुरसत नाही, रिवाइंड करावी लागत नाही, आणि थोड्याफार ओरखड्यांवरही अडखळत का होईना पुढे सरकते.

मग आली मोझर बेअर. कोऱ्या सीडी बनवणारी ही नोएडाची कंपनी २००७ च्या सुमारास सिनेमांत उतरली आणि तिनं भावच पाडला: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये! वडापावच्या दोन-चार प्लेटांत अख्खा सिनेमा, तोही ओरिजिनल. पायरेटेड डिस्कवाल्यांशी त्यांच्याच भावात भांडायचं, हा त्यामागचा फंडा. किराणा दुकानातही सिनेमे टांगलेले दिसू लागले. शहरांत तेव्हा घरपोच डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या सेव्हंटीएमएम, बिगफ्लिक्ससारख्या सर्व्हिसेस होत्या; गावांत त्यांची गरजच उरली नाही. हा खेळ फार टिकला नाही. इंटरनेट स्वस्त झालं, २०१६ मध्ये जिओ आलं आणि डिस्कचा बाजार बसला. २०१८ मध्ये मोझर बेअरच लिक्विडेशनमध्ये निघाली. कंपनी गेली, पण घराघरांत शिरलेल्या डिस्क तिथंच राहिल्या.

माळ्यावर काय शोधायचं?

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सापडला तर आनंद आहे, पण तो जपला नाहीत तरी बिघडणार नाही. तो टीव्हीवर इतक्यांदा लागतो की पाठच झालाय. खरा माल वेगळाच असतो.

एक तर नाटकं. मराठी होम व्हिडिओनं जे केलं ते हिंदीनं फारसं केलं नाही: रंगमंचावरचं नाटक शूट करून डिस्कवर विकलं. चित्रीकरण बहुतेकदा यथातथाच असतं, मागून कुणाचं तरी खोकणंही ऐकू येतं. चालतं की! लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ भूमिका करायचे. ते २००९ मध्ये गेले. संहिता पुस्तकात वाचता येते, पण एका उपरण्याच्या जोरावर माणूस क्षणात म्हातारी कसा होतो, हे पुस्तकात कसं दिसणार?

दुसरं म्हणजे लोकल मटेरियल. कीर्तनं, भारुडं, शाहिरी, लोकगीतांचे अल्बम, देवस्थानांच्या महिमा सांगणाऱ्या डिस्क. नगर जिल्ह्यात कीर्तनाच्या सीडींना केवढी मागणी होती, हे इंदुरीकर महाराजांचं नाव घेतलं की कळतं. ते संगमनेर तालुक्यातल्या ओझरचे, म्हणजे या प्रवरेच्याच काठचे. त्यांची कीर्तनं आज मोबाइलवर ढिगानं आहेत, त्यांची काळजी नको. पण त्याच स्टॉलवर शेजारी ठेवलेल्या, कुठल्याशा छोट्या कंपनीनं काढलेल्या, जत्रेपुरत्या विकल्या गेलेल्या डिस्कचं काय? अशा डिस्कची नोंद ठेवायला कुणी गेलेलं नसतं. कोल्हारच्या भगवतीमातेची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. अशा यात्रेत पाळण्याशेजारच्या टेबलावर जे विकलं गेलं, ते नंतर कोणत्याही कॅटलॉगमध्ये शोधू नका.

आणि तिसरं, जुने कृष्णधवल सिनेमे. इथं गोष्ट जरा सीरियस आहे.

‘यूट्यूबवर आहे ना सगळं!’

हे वाक्य ऑफिसात कुणीतरी म्हणणारच. आहे, बरंच आहे. पण नीट बघा. कोपऱ्यात भलामोठा लोगो, खाली सरकणारी पट्टी, चौकोनी कापलेली फ्रेम, अधूनमधून गायब झालेलं गाणं. यातल्या कितीतरी कॉप्या मुळात व्हीसीडीवरूनच चढवलेल्या वाटतात. म्हणजे ज्या डिस्कला आपण नाक मुरडतो, तीच इंटरनेटवरच्या सिनेमाची आई! आणि टाकणाऱ्यानं उद्या ती काढली, तर पुढे काय?

‘मग मूळ निगेटिव्ह असेलच की कुठेतरी.’ हाही गोड गैरसमज. ‘राजा हरिश्चंद्र’चीच गोष्ट घ्या. दादासाहेब फाळक्यांचा हा सिनेमा ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला; आज तो पूर्ण शिल्लक नाही. जी रिळं उरली तीही १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असं अभ्यासक मानतात. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झालं ते थेट १९६४ मध्ये, म्हणजे तोवर पन्नास वर्षं निघून गेली होती. पी. के. नायर यांनी पुढे गावोगाव फिरून रिळं जमवली. आणि जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारात, म्हणजे जिथं पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता तिथं, नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली. नायट्रेट पेटली की विझवणं जवळपास अशक्यच.

सगळंच काही रडगाणं नाही. प्रभात बंद पडल्यावर तिच्या सिनेमांचे हक्क दामले कुटुंबानं परत मिळवले, म्हणून ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) पुढच्या पिढ्यांना घरी बसून बघता आले. ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण तो आज बघता येतो, याचं श्रेय व्हेनिसला नाही. कुणीतरी डबे सांभाळले, त्याला आहे.

आणि कधी कधी डबे भलतीकडेच सापडतात. तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’ हा सिनेमा १९७६ मध्ये युक्त नावाच्या फिल्म को-ऑपरेटिव्हनं केला. मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप, के. हरिहरन अशी तगडी टीम, आणि पडद्यावर नवखा ओम पुरी. त्याची प्रिंट टिकली ती बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे! तिथं ती दुरुस्त झाली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवली गेली. पुण्याच्या पेशवाईची गोष्ट, आणि जपली जर्मनांनी.

ओटीटीचं काय, तर त्यांना आधी कागद लागतात. निर्माता गेलेला, वारसांत वाद, व्हिडिओचे हक्क एका कंपनीला, टीव्हीचे दुसऱ्या, आणि त्यातली एक बंद पडलेली. अशा सिनेमाला कुठलाही प्लॅटफॉर्म हात लावत नाही. आपल्या कायद्यानं सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे ‘श्यामची आई’ (१९५३), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या सिनेमांची मुदत केव्हाच संपली. (त्यातल्या गाण्यांचे आणि कथेचे हक्क मात्र वेगळे असतात, लगेच अपलोड मारू नका.) पण हक्क मोकळे होऊन उपयोग काय, जर तोवर चांगली कॉपीच उरली नाही?

घेताना, ठेवताना

आता थोडं प्रॅक्टिकल. डिस्क उलटी करून बघा. खालची बाजू चकचकीत चांदीसारखी असेल, तर ती फॅक्टरीत छापलेली. जांभळट, हिरवट किंवा निळसर असेल, तर ती कॉम्प्युटरवर बर्न केलेली. त्यातला रंग उडतो, उन्हात तर फारच लवकर. एकाच डीव्हीडीवर तीन पिक्चर असतील, तर चित्राची अपेक्षा ठेवू नका.

भाषा तपासा. हे जुन्या कलेक्टरलाही फसवतं. प्रभातचे कितीतरी सिनेमे दोन भाषांत झाले: ‘कुंकू’चा हिंदी अवतार ‘दुनिया ना माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’. नाव वेगळं असल्यानं निदान कळतं तरी. पण शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ मराठीत १९७२ चा, आणि नंतर आलेल्या हिंदीचंही नाव ‘पिंजरा’च. कव्हरवर संध्याबाई आणि डॉ. लागू, घरी येऊन लावली की सगळे हिंदीत बोलतायत. लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळ्यांचा समज असा की ओरखडे खालच्या बाजूला वाईट. व्हीसीडीत उलटं असतं. माहिती असते ती वरच्या, चित्र छापलेल्या बाजूच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या थराआड. तिथं बॉलपेननं नाव लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं, तर सिनेमाच गेला. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे एकवेळ पॉलिश करून जातात. डीव्हीडीत माहिती दोन थरांच्या मध्ये असते, ती त्यामानानं सुरक्षित. पुसायचं झालं तर मऊ सुती कापडानं, मधून काठाकडे सरळ. ताटली घासल्यासारखं गोल गोल नको.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल, तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, एका वीकेंडच्या पबच्या बिलात बसतो. व्हीसीडी टाकली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यातली डॅट फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालते. दुर्मीळ वाटली तर आधी तिची कॉपी करून ठेवा, मग बघत बसा; जुनी डिस्क पुढच्या वेळी चालेलच असं नाही.

शोधायचं कुठं? पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी चक्कर मारा. नगरला कापड बाजार, चितळे रोडच्या बाजूच्या जुन्या म्युझिक शॉपमध्ये शिल्लक स्टॉक विचारा. मालक आधी ‘आता कोण घेतं ते’ म्हणतील, मग आतून खोकं काढतील. आणि शिर्डीला जाणारच असाल, तर एक काम करा. साईबाबांवरचा १९७७ चा हिंदी सिनेमा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या स्टॉलवर मुद्दाम कुमारसेन समर्थांचा मराठी ‘शिर्डीचे श्री साईबाबा’ मागा. १९५५ चा आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. काय उत्तर मिळतं ते बघा.

परतीच्या वाटेवर घरच्या माळ्याचं खोकं उतरवाल, तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा की कव्हर नसलेल्या सुट्या डिस्क टाकू नको. भंगारवाला प्लॅस्टिकची कव्हरं वजनावर घेतो, डिस्कला तो काहीच देत नाही. त्यामुळे घरोघरी कव्हरं आधी गेली आणि डिस्क एक कुठल्या डब्यात, डिस्क दोन कुठल्या, याचा पत्ता उरला नाही. पोरांच्या जुन्या कम्पासपेट्या, लग्नाच्या अल्बमची मागची पानं, देव्हाऱ्याखालचा खण, आणि हो, बंद पडलेल्या प्लेअरचं पोट. त्याचा ट्रे उघडून बघाच. शेवटची लावलेली डिस्क बहुतेक वेळा आतच राहिलेली असते.