जुनी गाडी, नवे इंजिन

देवळाचा जीर्णोद्धार कसा करावा, यावर आपल्याकडे गावोगावी वाद झालेले आहेत. एक पक्ष म्हणतो, जुने गळके छप्पर काढून स्लॅब घालावा, उखडलेल्या दगडी फरसबंदीच्या जागी गुळगुळीत फरशी बसवावी. देव जागचा हलला नाही आणि भक्तांच्या डोक्यावर पाणी ठिबकले नाही म्हणजे झाले. दुसरा पक्ष म्हणतो, असे केल्यावर देऊळ नवे झाले, जुन्याचा उद्धार झाला नाही. हाच वाद युरोप-अमेरिकेत जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतीत पुष्कळ वर्षे चालू आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी हौसेने दुरुस्त करावयाची, पण तिच्यात इंजिन मात्र आजचे बसवावयाचे, हे करावे की न करावे? वरवर पाहता हा श्रीमंतांच्या छंदाचा प्रश्न वाटेल. पण त्यात यंत्रशास्त्र आहे, माणसांच्या जिवाची सुरक्षितता आहे, आणि मागील पिढीच्या कामाशी आपण कसे वागावे हाही विचार आहे. म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

उदाहरणादाखल एकच गाडी डोळ्यांपुढे ठेवू. ती म्हणजे जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीची डब्याच्या आकाराची व्हॅन. जर्मन लोक तिला लाडाने ‘बुली’ म्हणतात. दुसरे महायुद्ध संपल्यावर वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. तेथे सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी कामगारांनी लहान मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट गाडा बनवला होता. बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्याने तो पाहिला आणि १९४७ च्या एप्रिलमध्ये आपल्या वहीत पेन्सिलीने एका डबेवजा गाडीचे रेखाटन केले. त्यातूनच मार्च १९५० मध्ये ही व्हॅन कारखान्यातून नियमितपणे बाहेर पडू लागली. इंजिन मागे, चालक अगदी पुढे आणि मधली सारी जागा मालाला किंवा उतारूंना, अशी तिची सुटसुटीत मांडणी होती.

तिचे इंजिन ११३१ घन सेंटिमीटरचे आणि २५ अश्वशक्तीचे होते. ही शक्ती किती, हे एका हिशोबाने कळेल. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्यास जी शक्ती लागते ती एक अश्वशक्ती. आता मालासह गाडीचे वजन पावणेदोन टन धरा आणि दहा मीटरला एक मीटर चढणारा घाट घ्या. ताशी तीस किलोमीटर वेगाने जावयाचे तर गाडी दर सेकंदाला सुमारे आठ मीटर पुढे आणि सुमारे पाऊण मीटरहून थोडी अधिक वर जाते. एवढ्या उचलण्यातच सुमारे एकोणीस अश्वशक्ती खर्च होतात. उरलेल्या सहा घर्षण आणि वारा यांच्या वाट्याला जातात. म्हणजे घाटात ताशी तीस ही तिची जवळजवळ सीमाच झाली. सपाट रस्त्यावरही ताशी ऐंशीच्या आसपास तिची धाव संपे. त्या काळच्या रस्त्यांना हे पुरेसे होते. आज तीच गाडी महामार्गावर आणली की मागून भरधाव येणाऱ्या मालमोटारींपुढे ती अडथळा होऊन बसते. नव्या इंजिनाची इच्छा होते ती येथूनच.

परंतु इंजिन बदलण्याचा निर्णय घेण्याआधी जुन्याचा दोष खरोखर इंजिनाचाच आहे काय, हे तपासले पाहिजे. या गाडीच्या इंजिनाला पाण्याचे रेडिएटर नव्हते. ते वाऱ्याने थंड होई. सिलिंडरभोवती पत्र्यासारख्या पातळ कडा असतात आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा त्यांच्यावर वारा फेकतो. इंजिनाच्या भोवती पत्र्याची आवरणे आणि रबराची एक पट्टी असते. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना एकमेकींत मिसळू न देणे, हे त्या पट्टीचे काम. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांत ही पट्टी कोठे गळून पडते, पत्रे कोणी काढून ठेवतो, आणि मग पंखा तापलेलीच हवा पुन्हा पुन्हा इंजिनावर सोडू लागतो. इंजिन तापते, जळते, आणि बदनाम होते ती मूळची रचना. कित्येक वेळा थोडे पत्रे आणि एक रबरी पट्टी पुन्हा जागच्या जागी बसवली, म्हणजे म्हातारे इंजिन मुकाट्याने काम करू लागते. वैद्याने आधी नाडी पाहावी, शस्त्रक्रियेचे मग बोलावे, हा नियम येथेही लागू आहे.

इतके करूनही नवे इंजिन हवे असे ठरले, तर कोणते? १९७९ साली या व्हॅनची तिसरी पिढी निघाली. अमेरिकेत ती ‘व्हॅनागॉन’ या नावाने विकली गेली. तिच्यात तेथील हौशी लोकांनी जपानच्या सुबारू कंपनीचे २.२ लिटरचे इंजिन बसवण्याचा प्रघात पाडला. याचे कारण केवळ शक्ती नव्हे. मूळ इंजिनात चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने आडवे, समोरासमोर निजलेले असतात. त्यामुळे इंजिनाची उंची कमी राहते आणि ते मागच्या तळाखाली मावते. सुबारूची घडण तशीच आडवी आहे. साधारण इंजिनात सिलिंडर उभे असतात. ते तेथे बसवावयाचे तर तिरपे निजवावे लागते, नाही तर तळ वर उचलावा लागतो. मूळच्या गाडीत सत्तर ते पंचाण्णवच्या आसपास अश्वशक्ती असत, या नव्या इंजिनाने त्या सुमारे एकशेतीस झाल्या.

तरीही ‘बसते’ आणि ‘चालते’ या दोहोंत मोठे अंतर आहे. सुबारूच्या इंजिनाचे तोंड जुन्या गिअरबॉक्सशी जुळत नाही. मध्ये खास बनवलेली जोडपट्टी घालावी लागते. खालची तेलाची टाकी खोल असल्याने रस्त्याला लागण्याची भीती असते. ती कापून उथळ करावी लागते. पाण्याच्या नळ्यांची वळणे बदलावी लागतात. इंजिनाचे इंधन आणि ठिणगी यांचा हिशोब ठेवणारा छोटा संगणक आणि त्याच्या तारांचा भला मोठा झुबकाही बरोबर येतो; त्यातील कामापुरत्या तारा निवडून बाकीच्या काढणे हे चिकाटीचे काम आहे. एवढे झाल्यावर गिअरबॉक्सचा प्रश्न उरतोच. थोड्या शक्तीसाठी घडवलेल्या दात्यांवर दीडपट-दुप्पट जोर आला की साखळीतील पुढची कडी तुटावयाची. इंजिन हा गाडीचा एक सुटा भाग नव्हे. आपल्या एकत्र कुटुंबातील कर्त्या माणसासारखे ते आहे. तो बदलला की घरातील प्रत्येकाला आपली बैठक बदलावी लागते.

या कुटुंबात सर्वांत महत्त्वाचा सदस्य म्हणजे ब्रेक. पहिल्या पिढीच्या बुलीला चारही चाकांवर ड्रमचे ब्रेक होते आणि ते ताशी ऐंशीच्या हिशोबाने केलेले होते. वेग दीडपट झाला, म्हणजे ऐंशीचा एकशेवीस झाला, की गाडीतील गतीची ऊर्जा दीडपट होत नाही, ती सव्वादोनपट होते. कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ही सारी ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. ड्रम तापला की त्याची पकड ढिली होते, आणि नेमकी घाटाच्या उतारावर. शक्ती वाढवून ब्रेक तसेच ठेवणे म्हणजे बैल बदलून कासरा जुनाच ठेवण्यासारखे आहे. इतकेच नव्हे, ही गाडी सपाट तोंडाची आणि उंच आहे. वाऱ्याला कापण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून वेग दीडपट करावयास वाऱ्यासाठीच सुमारे साडेतीनपट शक्ती द्यावी लागते. शिवाय आडव्या वाऱ्यात ती डुलते. आणि चालकाचे गुडघे व पुढून येणारे वाहन यांच्यामध्ये एका पत्र्यापलीकडे फारसे काही नाही, हे तर कोणत्याही इंजिनाने बदलत नाही.

याचा उत्तम पुरावा खुद्द कंपनीनेच दिलेला आहे. फोक्सवॅगनने २०२० साली १९६६ मधील एका बुलीत विजेची मोटर बसवून ती जगापुढे ठेवली. जुन्या ४४ अश्वशक्तीच्या जागी ८३ अश्वशक्ती आल्या; तळाशी ४५ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी बसली; एका भारणीत दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास होऊ लागला आणि कमाल वेग १०५ वरून १३० वर गेला. बातमी म्हणून लोकांनी वाचले ते एवढेच. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्या गोष्टीने. त्याच कामात अभियंत्यांनी पुढचा आणि मागचा आस नव्याने रचला, सुकाणूची यंत्रणा बदलली आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. ज्यांनी गाडी जन्माला घातली त्यांनाही केवळ इंजिन बदलून भागले नाही.

तेव्हा जीर्णोद्धाराचा क्रम असा असावा: आधी सांगाडा, मग ब्रेक आणि सुकाणू, शेवटी इंजिन. या व्हॅनला वेगळी चासी नाही असे म्हटले तरी चालेल. तळाच्या पट्ट्या आणि वरचा पत्रा मिळूनच तिचा कणा होतो. दाराखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांवरच्या कमानी आणि तळाचे कोपरे येथे पाणी साचते आणि गंज आतून पोखरतो. बाहेरून रंग चकाकत असतो आणि आत पत्र्याचा पापड झालेला असतो. अशा सांगाड्यावर दुप्पट शक्ती लादणे हे साहस नव्हे, अविचार आहे.

आता मूळ वादाकडे वळू. इंजिन बदलल्यावर गाडी तीच राहिली काय? ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने याला अनेक वर्षे आकड्यांत उत्तर दिले. सांगाड्याला पाच गुण. गिअरबॉक्स, आस, सुकाणू आणि झोलयंत्रणा यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला केवळ एक. चौदांपैकी आठ गुण मूळचे असले की गाडीचा जुना क्रमांक टिके. ज्याला आपण गाडीचे हृदय म्हणतो त्याला सर्वांत कमी गुण! कारखानदारांचा अनुभवही असाच आहे. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने १९४९ साली ‘मॅटाडोर’ नावाची व्हॅन काढली ती फोक्सवॅगनचेच इंजिन घालून. पुढे फोक्सवॅगनने इंजिने देणे बंद केले, तेव्हा दुसऱ्या कंपन्यांची इंजिने घालून मॅटाडोर चालूच राहिली. त्याच नावाची, त्याच घराण्याची पुढच्या पिढीतील गाडी नंतर पुण्याजवळ आकुर्डीला बनू लागली आणि आपल्या शहरांतील भाजीपासून वऱ्हाडापर्यंत सर्व काही तिने वाहिले. ब्राझीलमध्ये तर बुलीची दुसरी पिढी २०१३ पर्यंत बनत होती. तेथे धुराचे नियम कडक झाले, तेव्हा २००५ च्या अखेरीस कारखान्यानेच वाऱ्याचे इंजिन काढून पाण्याने थंड होणारे बसवले आणि गाडीच्या तोंडावर रेडिएटरची काळी जाळी आली.

मग इंजिन खुशाल बदलावे काय? येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. एखाद्या नमुन्याच्या गाड्या बनत राहणे निराळे, आणि १९५० साली बनलेली एक विशिष्ट गाडी निराळी. ती आपल्या काळाची साक्षीदार आहे. युद्धाने होरपळलेला देश पंचवीस अश्वशक्तीत आपला व्यापार कसा उभा करीत होता, हे तिचे मूळ इंजिन सांगते. ते भंगारात गेले की तिची निम्मी साक्ष पुसली गेली.

आपल्या देशातील कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. निराळ्या इंधनावर चालण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची वाट मात्र ठेवलेली आहे. २०२१ साली केलेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र मालिका दिली. पण ती कोणाला? जी मूळ रूपात जपली आहे आणि जिच्या सांगाड्यात, कायेत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, तिला. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे नवे इंजिन घालणाऱ्याने हा मान गमावण्याची तयारी ठेवूनच पाना हाती घ्यावा.

दोन्ही टोकांमध्ये एक शहाणपणाची वाट आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली ट्यूरिनच्या नावाने ओळखली जाणारी एक सनद स्वीकारली. तिचे मर्म असे की, करावाच लागला तर फेरफार कमीत कमी असावा, तो उलटवता येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीजवळच राखावेत. आम्हास हेच सूत्र खरे वाटते. नवे इंजिन जुन्याच आधारांवर, जोडपट्टीने बसते, एकही मूळ पत्रा कापावा लागत नाही, तर ते बसवण्यास हरकत नाही. ते बसवण्यासाठी कणा कापावा लागत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी आणि आधीच मोडकळीला आलेली, इंजिन हरवलेली दुसरी शोधावी. तिला नवे जीवन देणे हे पुण्यकर्मच आहे. आणि काढलेले जुने इंजिन तेल घालून, पेटीत बंद करून, त्याच्या क्रमांकासह आणि केलेल्या कामाच्या टिपणासह ठेवावे.

याला खर्च थोडाच येतो. लागते ती एक जाणीव. ही गाडी आपल्या आधी कोणाची तरी होती आणि आपल्या नंतर कोणाची तरी होणार आहे. त्या पुढच्या माणसाला कदाचित आपले नवे इंजिनही जुनाट वाटेल, कदाचित त्याला पंचवीस अश्वशक्तींचाच फटफट आवाज ऐकावासा वाटेल. त्याने काय निवडावे हे आपण ठरवू नये. पण निवडण्याजोगे काही त्याच्या हाती उरेल, एवढी दक्षता आपण जरूर घ्यावी.