परसातील कोंबड्यांची पिसे का झडतात?

जयपूरच्या आसपासच्या गावांत आणि शहराच्या कडेच्या वसाहतींत घरापुरत्या पाच-दहा कोंबड्या पाळणारी कुटुंबे आढळतात. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांनाही गावाकडच्या खुराड्याची आठवण कधी कधी हा छंद लावते. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाने परसातील पालनासाठी ‘प्रतापधन’ ही जात विकसित केल्यानंतर चांगली पिलेही उपलब्ध झाली. मात्र अशी जिवापाड जपलेली कोंबडी एके दिवशी अर्धवट सोललेल्यासारखी दिसू लागली की मालकाचा धीर सुटतो आणि तो औषधाच्या दुकानाकडे धाव घेतो. कारण न शोधता केलेली ही घाई पुष्कळदा रोगापेक्षा महाग पडते.

पिसे झडणे हा प्रत्येक वेळी रोग नसतो. साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास कोंबडी जुनी पिसे टाकून नवी धारण करते. दिवस लहान होऊ लागणे हा त्याचा मुख्य इशारा होय. जयपूरला जूनमध्ये दिवस सुमारे पावणेचौदा तासांचा, तर डिसेंबरमध्ये साडेदहा तासांच्या आतबाहेर असतो. पुण्याच्या मानाने हा फरक बराच मोठा आहे. साहजिकच पावसाळा सरताना येथे ही पिसगळ ठळकपणे जाणवते. ती डोके व मानेपासून सुरू होऊन पाठीकडे, पंखांकडे व शेपटीकडे सरकते, खालची कातडी निरोगी असते आणि नव्या पिसांचे कोंब दिसू लागतात. हे दोन-तीन महिने अंडी बंद राहतात. पिसाचा बहुतांश भाग प्रथिनांचाच असल्याने या काळात नुसत्या बाजरीवर न ठेवता पेंड, डाळीची चुरी किंवा तयार खाद्य द्यावे. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर हा तोटा नव्हे, घसाऱ्याची तरतूद आहे!

पिसे कोठली गेली आहेत, हेही पाहावे. केवळ पाठीवरची गेली असतील तर कोंबड्याच्या नख्यांचा तो परिणाम असतो. कोंबड्यांच्या मानाने नर अधिक झाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. खुडूक कोंबडी छातीची पिसे स्वतःच उपटते. शेपटीच्या बुडाशी रक्ताळलेली जागा दिसल्यास दाटीमुळे एकमेकींना टोचणे सुरू झाले आहे असे समजावे व जागा वाढवावी.

कातडी लाल, खपल्या धरलेली, आणि पक्षी सतत चोचीने अंग खाजवीत असेल तर मात्र परोपजीवी कीटकांचा संशय घ्यावा. शेपटीखालची पिसे दिवसा बाजूला करून पाहिल्यास पळणाऱ्या पिवळसर उवा आणि पिसांच्या मुळाशी चिकटलेल्या लिखांचे पुंजके सापडतात. या उवा पक्ष्याच्या अंगावरच राहतात, म्हणून सापडतात तरी. खरी फसगत करतात ते रात्री रक्त पिऊन दिवसा भिंतीच्या चिरांत लपणारे जीव. तांबडे माइट जेमतेम मिलिमीटरभर असतात. राजस्थानसारख्या उष्ण, कोरड्या प्रदेशात त्यांच्या जोडीला कोंबड्यांचा चपटा, मऊ अंगाचा गोचीड असतो. त्याची पिले काही दिवस पंखाखाली चिकटून राहतात. वाढलेला गोचीड मात्र रात्री थोडा वेळच येतो आणि अन्नावाचून वर्षभराहून अधिक काळ जगू शकतो. रिकामे ठेवलेले जुने खुराडे त्यामुळे आपोआप निर्धोक होत नाही. याच गोचिडामार्फत ‘स्पायरोकीटोसिस’ हा प्राणघातक ज्वर पसरतो. पक्षी मलूल होऊन हिरवट विष्ठा टाकू लागला, पाय लुळे पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. वेळेत दिलेल्या प्रतिजैविकाने पक्षी वाचू शकतो.

तेव्हा अंधार पडल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन खुराड्यात जावे. बसण्याच्या दांड्याची खालची बाजू, दगडी पट्ट्यांचे सांधे, लाकडाच्या भेगा तपासाव्यात. उपचाराचा मोठा भागही तेथेच करावयाचा आहे: तूस व कचरा जाळावा, भेगा सिमेंटने बुजवाव्यात, चुन्याची सफेदी द्यावी, दांडे उन्हात तापवावेत. कोंबड्यांना धूळस्नानासाठी बारीक वाळू व कोरडी राख भरलेले घमेले ठेवावे. त्याने अंगावरचे कीटक कमी होण्यास मदत होते.

कुत्र्याच्या गोचिडांसाठी घरात असलेले फवारे कोंबडीवर वापरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. 2017 साली नेदरलँड्स व बेल्जियममध्ये तांबड्या माइटसाठी केलेल्या फवारणीत ‘फिप्रोनिल’ हे मनाई असलेले कीटकनाशक आढळले. त्याचा अंश अंड्यांत उतरल्याने युरोपात लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तेथे निदान तपासणारी यंत्रणा होती. परसातले अंडे तपासणीविना थेट मुलांच्या ताटात जाते. म्हणून औषध पशुवैद्यानेच सांगावे, आणि किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. उवांवरील बहुतेक औषधांनी लिखा मरत नाहीत, त्यामुळे दहा ते चौदा दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो.

सापडलेले कीटक घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत घालून सोबत न्यावेत, म्हणजे निदान सोपे होते. जयपूरकरांसाठी आग्रा मार्गावर जामडोली येथे पशुवैद्यकाची पदव्युत्तर शिक्षण व संशोधन संस्था आहे. इतरांनी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.