‘नाहीं तर’ कोणाचें?

विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकणाऱ्यास एखादी प्रोग्रॅमिंग भाषा लिहितां येणें पुरत नाहीं. अशा भाषांच्या रचनेचें शास्त्रहि अभ्यासावें लागतें. कां, तें एका वाक्यावरून पटेल. ‘पाऊस पडला तर, बीं असेल तर पेरावें, नाहीं तर मोट हाकावी.’ यांतील ‘नाहीं तर’ पावसाचें कीं बियांचें? शेतकरी क्षणभरहि अडणार नाहीं. यंत्राला शेती ठाऊक नसते.

१९६० सालीं ‘अल्गोल’ भाषेचें व्याकरण बॅकस यांच्या सूत्रपद्धतीनें प्रसिद्ध झालें. तें मोठें रेखीव; तरी हाच संशय त्याच्याहि एका कोपऱ्यांत राहून गेला. पुढें १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं रचलेल्या ‘सी’ भाषेंत ‘नाहीं तर’ निकटच्या अटीस जोडतात. त्या नियमानें वरील वाक्य वाचलें, तर अवर्षणांत मोट उभीच राहील आणि पाऊस पडून बीं नसेल तेव्हां चालूं लागेल! यंत्र तक्रार करणार नाहीं. शेतकऱ्याचा अर्थ साधावयाचा, तर आंतली अट महिरपी कंसांत कोंडावी लागते. १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘पायथन’मध्यें मात्र ‘नाहीं तर’ कोणत्या अटीचें, हें ओळीच्या डावीकडे सोडलेल्या जागेवरून ठरतें.