यात दाणे आहेत का?

मराठी स्वयंपाकघरातून दाण्याचं कूट बाजूला काढलं तर मागे काय उरेल, असा विचार तुम्ही कधी केलाय? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं, लाल भोपळ्याची भाजी, जेवणात डाव्या बाजूला वाढलेली ती लाल चटणी. आम्हीही केला नव्हता. आठ वर्षांपूर्वी आषाढी एकादशीच्या सकाळी तो करणं भाग पडलं.

आमचा धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. सासूबाईंनी आपल्या ताटलीतली साबुदाण्याची खिचडी त्याला प्रेमाने भरवली. दोन-तीन घास, जास्त नाही. पाच-सात मिनिटांत ओठांभोवती लाल चट्टे आले, मग पोटावर आणि पाठीवर गांधी उठल्या. "पित्त उठलंय गं, आमसुलाचं पाणी लाव," सासूबाई म्हणाल्या. मी आमसुलं भिजत घालायला गेले तेवढ्यात त्याला खोकल्याची ढास लागली आणि भडाभडा उलटी झाली. रिक्षात बसेपर्यंत त्याचा वरचा ओठ इतका सुजला होता की तो माझाच मुलगा आहे हे मला पटेना.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात सूज उतरू लागली. मग त्यांनी विचारलं, याआधी कधी शेंगदाणे खाल्ले होते का? खाल्ले होते की. म्हणजे आम्ही भरवले होते आणि त्याने थुंकून टाकले होते. चिवड्यातला दाणा तोंडात गेला की तो रडायचा, कोशिंबीर ढकलून द्यायचा. आम्ही त्याला नखरे म्हणत होतो.

उपासाचा दिवस सगळ्यात अवघड

दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. दूध पचत नाही त्याचं पोट फुगतं, जुलाब होतात, त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. त्यासाठी वाटीभर पदार्थ लागत नाही. ज्या चमच्याने कूट घातलं तोच चमचा वरणात बुडाला, तरी काहींना पुरतं.

"थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" हे वाक्य म्हणूनच आमच्या घरात सगळ्यात धोक्याचं.

कॅलेंडरकडे बघण्याची माझी नजर त्यानंतर बदलली. इतरांना चतुर्थी, एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र दिसतं, मला शेंगदाणे दिसतात. खिचडी, वऱ्याच्या तांदळाबरोबरची आमटी, उपासाची बटाट्याची भाजी, दाण्याचे लाडू. देवळातला प्रसाद नाकारायचा कसा? पुजारीबुवा हातावर ठेवतात, मागे रांग असते, सगळे बघत असतात.

त्यात नवऱ्याची बदली वडोदऱ्याला झाली. या शहराशी मराठी माणसाचं नातं गायकवाडांच्या काळापासूनचं, त्यामुळे मंडळ मिळालं, गणपती मिळाला, हळदीकुंकवाला बायका मिळाल्या. पण इथल्या वरणात चक्क अख्खे दाणे असतात, दाबेलीत मसाला शिंग असते आणि फरसाण तळायचं ते सिंगतेलात. तेलाचा विषय डॉक्टरांनी मला नीट समजावून दिला. पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण घाण्याच्या किंवा नुसत्या गाळलेल्या तेलात ती असू शकतात. सध्या लाकडी घाण्याच्या तेलाचं कौतुक घरोघरी चाललंय. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, पण तुमच्याकडे पाहुणा म्हणून असं मूल येणार असेल तर त्या दिवशी ती बाटली खाली ठेवा.

पाकिटातल्या पदार्थांचं त्यामानाने सोपं. आपल्याकडच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार शेंगदाणे, काजू-बदामांसारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचवाले जीव, सोयाबीन, गहू वगैरे ग्लुटेनयुक्त धान्यं आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर करावाच लागतो. तीळ मात्र त्या यादीत नाहीत. अमेरिकेत २०२३ पासून तिळांचाही उल्लेख सक्तीचा झाला. ज्यांच्या घरात तिळाची ॲलर्जी आहे त्यांनी आपल्याकडे घटकपदार्थांची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचायला हवीत. आणि सुट्या फरसाणाच्या दुकानात तर वाचायला पाकीटच नसतं. एकच झारा सगळ्या कढयांत फिरतो. आम्ही तिथून काहीच आणत नाही.

धूर हा वेगळा पाहुणा

धाकट्याला दमा आहे हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. पावसाळ्यात छाती वाजायची, रात्री खोकला यायचा. आम्ही सगळ्यांना सांगायचो, "त्याला धुराची ॲलर्जी आहे." डॉक्टरांनी हेही सुधारलं. धूर ही ॲलर्जी नव्हे. धुरातले बारीक कण आणि वायू मुळातच सुजलेल्या श्वासनलिकांना डिवचतात आणि त्या आवळल्या जातात. म्हणून धुराची चाचणी करून घ्या, असं कोणी सांगत असेल तर पैसे वाया घालवू नका.

जाता जाता चाचण्यांबद्दल एक सांगते. एकाच रक्ताच्या नमुन्यावर शंभर-शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्या निघाल्या आहेत. माझ्या एका मैत्रिणीने त्या यादीवरून मुलीचं दूध, गहू, अंडी आणि टोमॅटो एकदम बंद केलं. मुलगी वाळली. वास्तविक ती हे सगळं रोज खात होती आणि तिला काही होत नव्हतं. तपासणीत एखादा पदार्थ 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं, खाल्ल्यावर काय होतं हा इतिहास आधी बघायचा असतो. हे ॲलर्जीच्या तज्ज्ञाचं काम आहे.

तर धूर. आमच्या घरात तो तीन वाटांनी यायचा. मिरच्या भाजताना सगळ्या घराला ठसका लागायचा, तेव्हा धाकट्याला खोलीत कोंडावं लागे. मग मी मिरच्या भाजायची वेळ बदलली, तो शाळेत गेला की पंखा लावून. दुसरी वाट डासांच्या कॉइलची. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं होतं. आम्ही रात्रभर ती मुलाच्या उशाशी लावत होतो, डास चावू नयेत म्हणून! आता मच्छरदाणी आहे.

तिसरी वाट देवघराची, आणि तिथे खरी कसोटी होती. सासूबाईंची सांजवात, दोन उदबत्त्या, गुरुवारी निखाऱ्यावर धूप. चाळीस वर्षांचा नेम. मी एकदा म्हटलं, "आई, उदबत्ती बाहेर गॅलरीत लावली तर?" त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." मला राग आला, आणि त्याचबरोबर हेही दिसत होतं की त्यांचं हे एकच काम घरात कोणी करत नाही, ते त्यांच्याकडून काढून घ्यायला मी निघाले होते. मी गप्प बसले. आता वाटतं, बसायला नको होतं.

ती दिवाळी

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. इमारतीतली मुलं खाली फटाके उडवत होती. आम्ही धाकट्याला आवाजाच्या फटाक्यांपासून लांब ठेवलं आणि "त्यात काही नसतं" म्हणून सापाच्या गोळ्या दिल्या. गॅलरीत ओणवा होऊन तो काळे साप फुगताना बघत बसला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फुलबाजी, भुईचक्र, झाड, लवंगी माळ अशा घरगुती फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म कणांचं सगळ्यात जास्त प्रमाण या सापाच्या गोळीतच आढळलं होतं. मी हे नंतर वाचलं.

तीन दिवस त्याची छाती वाजत होती. पंपाची सवय लागते, या ऐकीव भीतीने आम्ही रोजचा प्रतिबंधक पंपही मधूनच बंद केला होता. भाऊबिजेला नातेवाइकांकडे गेलो. तिथल्या ताईंना आम्ही सांगितलं होतं, आणि त्यांनी खरोखर काळजी घेतली. चिवड्यातले दाणे एकेक वेचून बाजूला काढले आणि मग त्याला वाटी दिली.

दाणे गेले, पण दाण्याचा चुरा आणि तेल पोह्यांना लागलेलं होतंच. या वेळी गांधी फारशा उठल्या नाहीत. थेट श्वासच लागला. बोलताना शब्द तुटायला लागले, ओठ निळसर झाले. पंप चारदा दिला, फरक नाही. जवळचं रुग्णालय सात मिनिटांवर होतं म्हणून आज मी हे लिहितेय.

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला कोणी आधी सांगायला हवं होतं. आम्ही दाणे आणि धूर या दोन वेगळ्या तक्रारी समजत होतो. पण दमा आटोक्यात नसेल तर अन्नाच्या ॲलर्जीचा झटका जास्त गंभीर होण्याची शक्यता वाढते. आधीच आवळलेल्या श्वासनलिकांवर दुसरा घाव बसतो. म्हणजे त्या दिवशी चिवड्याइतकीच ती सापाची गोळी, बंद केलेला पंप आणि रोज संध्याकाळी मी ज्यावर गप्प बसत होते ती उदबत्तीही त्यात होती.

अशा झटक्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ॲलर्जीची गोळी खाज आणि गांधी कमी करते, पण बंद होत चाललेला श्वास किंवा घसरणारा रक्तदाब ती सावरू शकत नाही. परदेशात मिळणारं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी कुपी आणि सिरिंज लिहून दिली. मुलाच्या वजनानुसार मात्रा ठरवून सिरिंजवर खूण कुठे करायची ते दाखवलं आणि रिकाम्या कुपीत पाणी भरून मला, नवऱ्याला आणि थोरल्या मुलीला दहा-दहा वेळा ते काढायला लावलं. हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडूनच शिकायचं, लेख वाचून नव्हे. इंजेक्शन दिलं की १०८ ला फोन. मुलाला आडवं झोपवून पाय थोडे उंच ठेवायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण उठून चालायला लावायचं नाही. आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबायचं, कारण काहींना नंतर पुन्हा लाट येते.

घरी आल्यावर

त्या रात्री सासूबाई रुग्णालयात माझ्याशेजारी बसून होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर संध्याकाळी त्यांनी निरांजन लावलं, उदबत्तीचा पुडा उचलला आणि मला म्हणाल्या, "हा खालच्या देवळात देऊन ये." आता देवघरात मोगऱ्याची फुलं असतात, गुरुवारी चंदन उगाळलं जातं. ते उगाळायचं काम धाकट्याचं.

दाण्याचा डबाही गेला. साबुदाण्याच्या खिचडीत आता खवलेलं ओलं खोबरं आणि बटाटा असतो. चव तीच आहे असं मी म्हणणार नाही. कूट नसलं की साबुदाणा चिकटतो, त्यावर सासूबाईंनी भिजवायचं पाणी कमी करून तोडगा काढला. कोशिंबिरीत भाजलेल्या तिळाचं कूट चालतं, पण तीळ त्याला चालतात हे डॉक्टरांकडून खात्री केल्यावरच. भरल्या वांग्यात सुकं खोबरं आणि मगज बी. थोरली सुरुवातीला कुरकुरली, तिला दाण्याची चटणी फार आवडते. ती आता मैत्रिणीकडे जाऊन खाते आणि येताना हात-तोंड धुऊन येते.

शाळेचं सांगायचं तर वर्गशिक्षिकांना एका पानावर सगळं लिहून दिलंय: काय खायचं नाही, काय दिसलं तर काय करायचं, कोणाला फोन. डबा वाटून खायचा नाही, हा नियम त्याला सगळ्यात जास्त टोचतो. वाढदिवसाला वर्गात काही वाटलं तर तो ते दप्तरात ठेवतो.

माझ्या भावाला मागच्या वर्षी बाळ झालं, तेव्हा वहिनी घाबरून म्हणाली, "मी तर याला पाच वर्षं दाणे दाखवणारच नाही." पूर्वी डॉक्टरही असंच सांगत. पण २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी धोका जास्त असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना पहिल्या वर्षातच बाळाला खाता येईल अशा रूपात शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण खूपच कमी निघालं. वहिनीने बालरोगतज्ज्ञांना विचारून, बाळाची तपासणी करून सुरुवात केली. ज्याला ॲलर्जी झालेलीच आहे त्याच्यावर हा प्रयोग घरी करायचा नसतो. मीही ते वाचून रात्रभर जागी होते, माझं काही चुकलं का म्हणून.

धाकटा आता अकरा वर्षांचा आहे. संक्रांतीला इथे गच्चीवर पतंग आणि संध्याकाळी मंडळात तिळगूळ. तिळगुळात दाण्याचं कूट असणारच. पहिली दोन वर्षं त्याला मी घरीच ठेवलं होतं. मग त्याने स्वतःच युक्ती काढली. सासूबाई त्याच्यासाठी नुसते तीळ, गूळ आणि खोबऱ्याचे लाडू करतात, ती डबी घेऊन तो जातो. मोठ्यांना वाकून नमस्कार करतो, त्यांनी दिलेला कागदातला तिळगूळ घेतो आणि बाबांच्या झोळीत टाकतो, हात पुसून मग आपल्या डबीतला एक तोंडात टाकतो. ज्यांना माहीत नाही त्यांना तो आधी विचारतो, "काकू, यात दाणे आहेत का?" गेल्या संक्रांतीला झोळीत सतरा लाडू जमले. नवऱ्याने ते ऑफिसात नेऊन वाटले. धाकट्याने मोजून दिले होते, त्यामुळे एकही त्याला स्वतःला खाता आला नाही.