गाडीचा रंग बदला, मन बदललं तर सोलून काढा

गाडी एक आणि घरात मतं दोन, हा प्रसंग बहुतेक घरांत येतो. मुलाला चंदेरी चाकं काळी करून हवी असतात. वडील म्हणतात, ‘‘दोन वर्षांनी गाडी विकायची आहे, तिला हात लावू नकोस.’’ या भांडणात दोघांचंही समाधान करणारा एक पर्याय आहे, तो म्हणजे सोलून काढता येणारा स्प्रे रंग.

हा रंग नेमका काय आहे?

नेहमीचा रंग पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. हा रंग म्हणजे द्रावकात विरघळवलेलं कृत्रिम रबर असतं. फवारल्यावर द्रावक उडून जातं आणि रबराचा पातळ पापुद्रा मागे राहतो. या प्रकारातलं सर्वांत परिचित नाव म्हणजे अमेरिकेतलं ‘प्लास्टी डिप’. पकडीसारख्या हत्यारांच्या मुठी त्यात बुडवून काढत, म्हणजे हातातून निसटत नसत. पुढे तेच रबर स्प्रे कॅनमध्ये आलं आणि गाडीच्या चाकांवर, ग्रिलवर, लोगोवर चढलं.

कंजुषी इथे महागात पडते

नवखे लोक हमखास एक चूक करतात. कॅन वाचवण्यासाठी दोनच हात मारतात. दिसायला काम छान होतं, पण काढायची वेळ आली की पापुद्रा अखंड निघत नाही, नखाने खरवडत बसावं लागतं. थर जाड असेल तरच तो सालीसारखा सोलला जातो. म्हणून किमान ५ हात द्या. पातळ थर आधीच दिला गेला असेल तर त्यावरच आणखी ३-४ हात मारा, वाळू द्या आणि मग सोला. काढण्यासाठी आधी आणखी लावायचं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण उपाय हाच आहे.

असं करा

* चाक साबणाने धुऊन ब्रेकची काळी भुकटी, ग्रीस आणि मेण पूर्ण काढा. पूर्ण कोरडं करा.
* टायर आणि रिमच्या फटीत जुने खेळायचे पत्ते गोलाकार खोचा. टायरवर रंग उडणार नाही.
* ब्रेक डिस्क, नट-बोल्ट आणि हवेचा वॉल्व्ह झाका. चाक काढून काम केलं तर उत्तम.
* कॅन नीट हलवा. १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून हात सतत फिरता ठेवा. पहिला हात अगदी हलका, खालचा रंग दिसेल इतका, नंतरचे हात भरून द्या.
* प्रत्येक हातानंतर १५ ते ३० मिनिटं थांबा. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढा, नाहीतर टेपबरोबर पापुद्राही उचलला जाईल.
* किमान ४ तास हात लावू नका. कॅनवरच्या सूचना वेगळ्या असतील तर त्याच पाळा.

कडक ऊन, वारा आणि पावसाळी दमट हवा टाळा. कोरड्या दिवशी, सावलीत काम करा.

इथे फवारू नका

सायलेन्सर आणि इंजिनसारख्या तापणाऱ्या भागांवर, हेडलाइट, टेललाइट किंवा नंबर प्लेटवर हा रंग कधीही नको. पेट्रोलच्या झाकणाभोवतीही टाळा, कारण सांडलेल्या पेट्रोलने हे रबर विरघळतं. जिथला मूळ रंग फुगलाय, उडालाय किंवा गॅरेजमध्ये नुकताच मारून घेतलाय, तिथे सोलताना खालचा रंगही निघू शकतो. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं करून पाहा.

घरच्यांची काळजी आधी

हे द्रावक पटकन पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात चढते. बंद गॅरेज, गॅलरी किंवा स्वयंपाकघराजवळची जागा नको. आसपास विडी-सिगारेट, अगरबत्ती, पेटलेला गॅस नको. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही. त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरा. मुलांना पत्ते खोचायला जरूर बोलवा, पण फवारणी सुरू होण्याआधी त्यांना घरात पाठवा.

कायदा काय म्हणतो?

गाडीच्या आरसीवर रंगाची नोंद असते. चाकं, ग्रिल, लोगो यांनी ती ओळख बदलत नाही. पण पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर तो सोलून निघणारा असला, तरी आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन रंग मात्र खासगी गाडीवर चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम तो संरक्षण खात्यासाठी राखून ठेवतो.

टिकवायचं कसं?

पहिले काही दिवस गाडी धुऊ नका. नंतर मऊ कापड आणि सौम्य साबण पुरे. प्रेशर वॉशची धार कडांजवळ नेली तर पापुद्रा सुटतो. नीट सांभाळलं तर हा रंग २-३ वर्षं सहज टिकतो.

गाडी विकायच्या आदल्या रविवारी कड नखाने उचला आणि हळूहळू ओढा. मुलाची हौस फिटलेली असेल आणि खालची चाकं वडिलांना हवी तशी, चंदेरीच असतील.